चार बोटांचे पेटीमास्तर

विनीत : मोजलीस?

रसिका : काय मोजू? चित्र समोर आहे माझ्या. काय झालंय ते सरळ सांग ना.

विनीत : पेटीमास्तरांचा उजवा हात बघ. पेटीच्या पट्ट्यांवर ठेवलाय तो. त्याची बोटं मोज.

रसिका : अंगठा. एक, दोन, तीन…

विनीत : पुढे?

रसिका : पुढे पेटी आहे.

विनीत : तेच म्हणतोय मी. रविवारच्या पुरवणीत पाव पानाचं कथाचित्र, त्यात एक म्हातारा पेटी वाजवतोय, आणि अंगठा धरून त्याला बोटं चार. बरं, लोकांचं लक्ष हातावर जावं म्हणून सगळा उजेड तूच हातावर टाकलायस.

रसिका : अरे देवा.

विनीत : रविवार दुपारपासून लोक तेवढाच हात कापून एकमेकांना पाठवतायत. 'यंत्राला अजून बोटं मोजता येत नाहीत' असं खाली लिहून.

रसिका : यंत्र? कसलं यंत्र? मी काढलंय ते चित्र! ब्रशनं. शाईनं. मांजरानं दौत उलटी केली म्हणून डावा कोपरा दोनदा केला मी.

विनीत : मला माहीत आहे ते. पण गेल्या महिन्यात आपणच छापलं ना, आमच्या पुरवणीतलं प्रत्येक चित्र माणसानं हातानं काढलेलं असतं म्हणून? ते चार शब्द मीच लिहिले होते. आता माझ्याच अंगाशी आलेत.

रसिका : मूळ चित्र आहे माझ्याकडे. डागासकट.

विनीत : त्याचा फोटो पाठव. पण तेवढ्यानं भागणार नाही. वरचे म्हणतात, यंत्राकडून काढून घेतलं असेल आणि समोर ठेवून शाईनं गिरवलं असेल.

रसिका : असं म्हणाले?

विनीत : तू मुंबईत आमच्यासमोर बसून काढत असतीस तर कुणी म्हटलं नसतं. तू तिकडे मालवणात. इकडे नुसतं चित्र येतं, माणूस दिसत नाही. आणि कथेचे लेखक वेगळेच चिडलेत. म्हणतात, माझे मास्तर सगळा जन्म साथ करत आलेत, त्यांना एक बोट कमी असतं तर ती वेगळी कथा झाली असती आणि ती मीच लिहिली असती.

रसिका : बरोबर आहे त्यांचं.

विनीत : मग चार का काढलीस?

रसिका : थांब जरा. मलाच आत्ता कळतंय… विनीत, तो बाबांचा हात आहे.

विनीत : म्हणजे?

रसिका : मला हात समोर लागतो. बाबांना जेवायच्या टेबलाशी बसवलं, म्हटलं पेटी आहे असं समजून हात ठेव. त्यांनी ठेवला, मी काढला. त्यांना उजव्या हाताला करंगळी नाही.

विनीत : आणि हे तुला माहीत नव्हतं?

रसिका : माहीत कसं नसेल? मी सात वर्षांची होते तेव्हा गेली ती. तेव्हापासून तोच हात बघतेय. म्हणून तर मोजला नाही. मला तो पुराच दिसतो रे.

विनीत : अगं, मग हे फारच सोपं झालं! बाबांना तस्संच बसव. पुढ्यात मूळ चित्र, शेजारी हात, आणि फोटो काढ. सोबत चार ओळी, की हा हात माझ्या वडिलांचा, बोट असं असं गेलं. येत्या रविवारी चौकट करून छापतो. सगळ्यांची तोंडं बंद.

रसिका : बोट कसं गेलं तेही लिहायला हवं?

विनीत : लोक पहिलं तेच विचारणार. आजच पाठव. उद्या वरच्यांची बैठक आहे. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ तुला द्यायचं मी कबूल करून बसलोय. हे निस्तरलं नाही तर मुखपृष्ठ जाईल, आणि मग पुरवणीतलं तुझं कामही जाईल. मी एकटा अडवू शकणार नाही.

रसिका : कळलं. करते काहीतरी. ठेवते.

महादू : कोणाचो गो फोन? आवाज रस्त्यापर्यंत येय होतो.

रसिका : पेपरातलो विनीत. बाबा, तू कदी इलंस?

महादू : आताच. दुपारची फेरी झाली नाय. वारो सुटलो, पुण्याची माणसा होडीत बसली आणि लाटो बघून उतारली. बांगडे आणलंय, घे. तोंड कित्याक असा झाला तुझा?

रसिका : हात दाखव बघूया.

महादू : धुतलंय गो.

रसिका : ह्यो नाय. उजवो.

महादू : ह्यो. काय झाला तेका?

रसिका : चार.

महादू : आज मोजतंस?

रसिका : बाबा, त्या पेटीमास्तराक मी चारच बोटां काढलंय.

महादू : माका ठावक आसा. रविवारी पेपर इलो तेवाच बघलंय.

रसिका : मगे बोललंस कित्याक नाय?

महादू : काय बोलतलंय? माका वाटला, तू मुद्दाम काढलंस. जेटीर सगळ्यांका दाखवलंय. ओमकाराक म्हटलंय, ही मोठी होडी घेवन मिरवतंस मेल्या, ह्यो हात कोणाचो ता सांग बघूया. तेना बघल्याबरोबर वळखल्यान.

रसिका : तुका बरा वाटला?

महादू : वाटतलाच तर! इतकी वर्सां तू माका काय काय केलंस. न्यायाधीश केलंस, सावकार केलंस, त्या गुडघेदुखीच्या पानार गुडघो धरून बसयलंस. तोंड माझा, पण हात कदी दिसूक नाय. एकाचो हात खिशात, एकाचो पाठीमागे, एकाच्या हातार शाल. माका वाटायचा, चेडवाक माझ्या हाताची लाज वाटता.

रसिका : लाज कसली, बाबा? हात काढूचा माझ्या जीवार येता. आमच्या धंद्यात सगळेच हात लपवतत. तोंड कोणाकय येता. हात नाय येणा.

महादू : असा होय? मगे इतकी वर्सां उगाच मनात ठेवलंय मी.

रसिका : विचारूचा नाय?

महादू : असला काय विचारतत? बरा, विनीत काय म्हणता? त्येका आवाडला?

रसिका : लोक म्हणतत, ता चित्र मशीनान काढलेला. मशीनाक बोटां मोजूक येणत नाय म्हणान.

महादू : मशीनान? तू तीन दिवस मान मोडून बसलेलंस ती? माका मेल्याक हात हलवूक दिलंस नाय, माशी बसली तरी!

रसिका : ता तेंका काय ठावक? उद्या तेंची मिटिंग आसा. तेच्यात ठरतला, माका काम देवचा काय नाय. दिवाळी अंकाचा मुखपृष्ठ माका मिळूचा होता, ता पण जायत. विनीत म्हणता, तुझ्या हाताचो फोटो पाठव.

महादू : मगे बसलंस कित्याक? काढ! थांब, पांढरो सदरो घालतंय. मास्तरासारखो दिसाक होयो.

रसिका : फोटोसोबत चार ओळी होये. बोट कसा गेला ता.

महादू : लिव. 'देवबागच्या संगमार, भर समुद्रात, जाळा ओढताना शार्क माशान…'

रसिका : बाबा.

महादू : बरा, 'महाकाय शार्क माशान' लिव.

रसिका : तुझा बोट उसाच्या चरकात गेला.

महादू : हळू बोल! खिडकी उघडी आसा.

रसिका : अख्ख्या मालवणाक ठावक आसा ता.

महादू : जुन्यांका ठावक आसा. जुने आता कितीसे ऱ्हवले? जेटीर सगळी नवी पोरां. तेंका शार्कच ठावक. गिराईक उतारला की विचारता, 'शार्कवाले काका कुठे आहेत?' ओमकाराच्या होडीत गाद्ये आसत, गाणी वाजतत, तरी पोरांबाळांची माणसा माझ्या होडीत बसतत. कित्याक?

रसिका : तू गोष्ट बरी सांगतंस म्हणान.

महादू : मगे? ती पेपरात तू खोटी पाडतलंस?

रसिका : पेपर मुंबैचो आसा.

महादू : आणि माझी गिराईका खंयची? पयली मुंबैची. आणि पेपर हंयपण येता, मोबाइलार पण येता. ओमकार वाचूक बसलोच आसा.

रसिका : मोरी म्हणजे शार्कच. तिचा मटण आपण खातो. मोरी आपणाक खाता असा जुन्या माणसांका सांगून बघ, काय म्हणतत.

महादू : जुन्यांका कशाक सांगू? माका काय खुळ लागला? गो, माझो बापूस दर्यार, आजो दर्यार, मी दर्यार, आणि माझा बोट गेला खंय? जत्रेत. रसाच्या गाड्यार. तुझ्या आवशीक आला घातलेलो रस होयो होतो, म्हणान मी आल्याचो तुकडो घालूक गेलंय आणि तुझ्या बाळामामान चाक फिरवल्यान. मेल्याक थांब म्हटला होता.

रसिका : बाळामामान परत कदी चरक लावल्यान नाय.

महादू : नाय लावल्यान. गाडो विकल्यान. अजून माझ्यासमोर ऊस खाणा नाय तो.

रसिका : आणि तेवा माका जो पेलो दिल्यान, तो…

महादू : तो आदी काढलेलो होतो गो! कितीदा सांगू?

रसिका : शार्क कदी इली पण? माका आठवता, पयली तू काय सांगूक नाय होतंस. हात टुवालात गुंडाळून फिरायचंस.

महादू : होडी घेतली तेवा. एक पोर होता, सातारचा. लाटांक भियाला, ओकाक लागला, आवस रडाक लागली. पोराची नजर माझ्या हातार. म्हणता, 'काका, तुमचं बोट?' माझ्या तोंडात काय येयत? म्हटलंय, शार्कान खाल्ल्यान. पोर ओकूचा थांबला. तोंड उघडा ठेवन आयकत बसला, किनाऱ्यार येयसर. उतारताना माझो हात धरल्यान. ह्योच हात.

रसिका : ही गोष्ट माका कदी सांगलंस नाय.

महादू : तू कदी ओकलंस नाय होडीत. गो, माशान खाल्ला म्हटला तर लोक गप होतत, उसान खाल्ला म्हटला तर हसतत. इतक्याच आसा ह्या.

रसिका : बाबा, माका खोटी म्हणतत. हातान काढलेला म्हणून मशीनाचा खपवता असा म्हणतत. तेका मी उत्तर काय देव? आणखी एक खोटा?

महादू : खोटा कसा? तू तो पेटीमास्तर काढलंस. खंय आसा तो? खंय ऱ्हवता? दाखव बघूया माका.

रसिका : तो गोष्टीतलो.

महादू : मगे माझी शार्क पण गोष्टीतली.

रसिका : मास्तर गोष्टीतलो ह्या वाचणाऱ्याक ठावक असता. तुझी शार्क लोकांका खरी वाटता.

महादू : वाटूक होयी म्हणानच सांगतंय!

रसिका : ताच तर. होडीत सांग तू, माका कायएक म्हणूचा नाय. मी स्वतः आयकतंय, माका आवाडता. पण पेपरात माझ्या नावान नको.

महादू : मगे 'अपघात' लिव.

रसिका : लिवतंय. उद्या ओमकार विचारतलो, शार्कान खाल्ला ता सोडून 'अपघात' कशाक लिवला?

महादू : ता पण खरा… आणि एक सांगू? तू माका बसूक सांगलंस, मी बसलंय. हात पेपरात जातलो ता सांगलंस?

रसिका : नाय.

महादू : विचारलंस?

रसिका : नाय विचारूक. ता चुकला माझा. रोज बसतंस म्हणान गृहीत धरलंय.

महादू : माका राग नाय. पण आता तू म्हणतंस, हात दी, वर हाताची गोष्ट पण दी. माझ्याकडे मगे काय ऱ्हवला?

रसिका : बरा. सोड. नको.

महादू : नको म्हणजे?

रसिका : विनीताक सांगतंय, माझी चूक झाली, बोट घालूचा ऱ्हवला. पाच बोटांचा नवा चित्र देतंय. बांगडे खंय ठेवलंस? साफ करतंय.

महादू : म्हणजे मशीनान काढला असाच लोकांका वाटतला.

रसिका : वाटांदे.

महादू : आणि ता मुखपृष्ठ?

रसिका : गेला तर गेला.

महादू : आणि तुका चालतला?

रसिका : नाय चालणा! बारा वर्सां हातान काढतंय मी, बाबा. बोटांक घट्टे पडले. कोणीतरी मोबाइलार बसून म्हणता, हिना काढूकच नाय. माका रडाक येता. पण म्हणान तुझी गोष्ट तुझ्याकडसून काढून घेव? ती पण तू इतकी वर्सां हातानच केलंस.

महादू : रडा नको. फोन वाजता बघ.

रसिका : तूच बघ. माझे हात माशांनी भरलेत. विनीत असात. सांग, मागसून करतंय.

महादू : हॅलो. हा, बोला साहेब. मी रसिकाचा बाबा बोलतो आहे.

विनीत : काका! नमस्कार. मी विनीत. तुमचा हात सध्या मुंबईत फार गाजतोय बघा.

महादू : असं ऐकलं आत्ताच.

विनीत : मी त्याचसाठी फोन केला. रसिका चार ओळी पाठवणार होती. म्हटलं, तुमच्याच तोंडून ऐकावं. बोट कसं गेलं, काका?

महादू : ते… सांगतो. तेव्हा मी तिशीत होतो. संगमाच्या पुढे गेलो की पाणी काळं होतं, माहीत आहे का तुम्हाला? खाली बघू नये असं पाणी. मी जाळं ओढतोय. ओढतोय, ओढतोय, जाळं काही येत नाही. म्हटलं, खडक असेल, सोडवावं. म्हणून हात घातला खाली. साहेब, खडकाला दात होते.

विनीत : बाप रे!

महादू : शार्क. माझ्या होडीपेक्षा थोडा लहान. थोडाच. हात सोडेना. मी ओरडलो नाही. ओरडून कोण येणार तिथं? मी त्याला म्हटलं, हे बघ, एक घे आणि जा. बाकीच्यांवर माझं घर चालतं.

विनीत : आणि?

महादू : त्यानं ऐकलं. एकच घेतलं. जाताना शेपटी अशी आपटली की मी भिजलो.

विनीत : काका, हे चार ओळींत नाही मावणार! मी अर्धं पान काढतो. वर मोठं चित्र, रसिकाकडूनच नवीन काढून घेऊ, शार्क आणि तुम्ही. उद्याच्या बैठकीत मी हेच ठेवतो त्यांच्यापुढे. मुखपृष्ठाचं कुणी नावसुद्धा काढणार नाही.

महादू : छापणार तुम्ही हे?

विनीत : शब्दन् शब्द.

महादू : खरं म्हणून?

विनीत : म्हणजे काय? खरंच आहे ना?

महादू : आणि खाली नाव कोणाचं येणार?

विनीत : रसिकाचं. चित्राखाली तिची सही असतेच, मजकुरावरही तिचंच नाव देऊ.

महादू : मग नको.

विनीत : का हो, काका?

महादू : साहेब, ती गोष्ट होडीतली आहे. होडी किनाऱ्याला लागली की संपते. माणसं पाय धुतात, घरी जातात, परत कोणी विचारत नाही. पेपर तसा नाही. पेपर घरात राहतो. आणि त्यावर माझ्या मुलीचं नाव. तिला आधीच लोक खोटी म्हणतायत, त्यात माझा शार्क नको.

विनीत : म्हणजे… शार्क नव्हता?

महादू : उसाच्या रसाचा चरक होता. जत्रेत, मेव्हण्याच्या गाड्यावर. त्यानं चाक फिरवलं आणि मी आल्याचा तुकडा घालत होतो.

विनीत : ऊस.

महादू : ऊस.

विनीत : मग… मग चार ओळी पुरतील, काका.

महादू : पुरतील ना. शार्कला अर्धं पान देत होतात.

विनीत : खरं सांगू? माझ्या अंगावर काटा आला होता.

महादू : सगळ्यांच्याच येतो. लिहून घ्या. जत्रा, रसाचा चरक, आलं. मेव्हण्याचं नाव घालू नका, त्याला अजून वाईट वाटतं. आणि हात माझाच आहे, तिनं बघून काढलाय, मी तीन दिवस बसलो होतो, हे मोठ्या अक्षरात घाला.

विनीत : घालतो. रसिका आहे का जवळ?

महादू : आहे. बांगडे साफ करते आहे. फोन तिच्या कानाला लावतो. बोला.

रसिका : हं.

विनीत : ऐकलंस ना?

रसिका : ऐकलं सगळं.

विनीत : फोटो पाठव. मुखपृष्ठाचं उद्या कळेल, मी आत्ता शब्द देत नाही. पण माझ्याकडे आता बोलायला काहीतरी आहे. आणि एक, पुढच्या कथेतले आजोबा घड्याळजी आहेत. भिंग लावून घड्याळ दुरुस्त करतायत. हात दिसायलाच हवेत. आणि हात जोडतो, बोटं पाच काढ.

रसिका : काढते.

महादू : ठेवल्यान? बरो वाटता गो माणूस. आयकूक बरो. मधी मधी 'बाप रे' म्हणता.

रसिका : बाबा, कित्याक सांगलंस?

महादू : काय?

रसिका : मी नको म्हटलंय होता. माझा मी निस्तरलंय असता.

महादू : तो छापूक तयार झालो ना. शब्दन् शब्द म्हणालो. तेवा माका भिया वाटला. होडीत कदी वाटूक नाय होता.

रसिका : आणि आता रविवारी जेटीर?

महादू : जातलंय. ओमकार हसतलो. त्येका म्हणतलंय, पेपरवाले काय कायपण छापतत.

रसिका : बाबा!

महादू : चेष्टा केलंय गो. हसांदे त्येका. दोन दिवस हसतलो, मगे त्येच्याच गिराईकाचा पोर ओकाक लागला की येतलो माझ्याकडे धावत.

रसिका : माका खूप बरा वाटला, बाबा. तू तेका मोठ्या अक्षरात घाल म्हणालंस, तेवा.

महादू : मगे, तीन दिवस बसलेलंय मी. फुकट? चल, फोटो काढ. सदरो बरो दिसता मां?

रसिका : बरो दिसता. चित्र असा पुढे ठेव. हात तेच्या बाजूक. लपव नको, सरळ ठेव. झालो.

महादू : बघूया… खराच गो. सेम टू सेम. नखा पण तशीच काढलंस.

रसिका : आता हल नको, बसलंस तसोच बस. घड्याळजीचो हात काढूक घेतंय. पाच बोटां होयी. डावो ठेव टेबलार.

महादू : ह्यो घे. ह्येका पाचय आसत.

रसिका : वायच वाकडो कर. भिंग धरल्यासारखो.

महादू : असो?

रसिका : हं… नाय.

महादू : काय झाला?

रसिका : कळणा नाय. काढतंय, पण माका कोणा परक्याचो हात वाटता.

महादू : गो, माझोच आसा.

रसिका : उजवोच ठेव. पयलो तो काढतंय, आणि पाचवा बोट मागसून घालतंय.

महादू : घाल. मीपण होडीत इतकी वर्सां ताच करतंय.